अनुमोदक: सौ. चंद्राबाई ठोंबरे

८ जानेवारी २०२६, गुरुवार

रूपेशने साजगावहून त्याच्या कारखान्याची डायरी आणून दिली. म्हणाला, "आई, आता नगरसेविका झालीस, रोजचं लिहीत जा." रोजचं काय लिहू? उठले, दळणं दळली, भाकऱ्या थापल्या, झोपले. पण कोरी पानं बघून हात शिवशिवला. कडावच्या शाळेत नववीपर्यंत माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. बाई म्हणायच्या, बोलताना हाय-नाय चालेल, लिहिताना आहे-नाही लिहायचं. तसंच लिहीन.

तर मी सौ. चंद्राबाई हिरामण ठोंबरे, वय चोपन्न, प्रभाग चार. कर्जत-खोपोली रस्त्यापासून आत आमचं एवढंसं गाव, त्याला नगरपंचायत आहे आणि यंदा निवडून आलेल्या सतरा जणांत मी एक. पेठेत आमची पिठाची गिरणी आहे. मालक गिरणी चालवतात, मी तोंड चालवते. त्या तोंडावरच निवडून आलीस, असं मालकांचं म्हणणं. मालक म्हणजे आमचे हे. दिवसाला मोजून वीस शब्द बोलतात, त्यातले पंधरा गिऱ्हाइकाशी.

उद्या पहिली सभा. संध्याकाळी जुबेदाकडे गेले. गिरणीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे तिचं बांगड्यांचं दुकान. सव्वीस वर्षं आम्ही एकमेकींची तोंडं बघत धंदा करतोय. तिनं मला पाटावर बसवलं, जुन्या बांगड्या उतरवल्या आणि हिरव्या काचेच्या डझन डझन भरल्या. भरताना नेहमीसारखी खेकसली, "हात ढिला सोड गं! ताठ कशाला धरतेस? नगरसेविका झाली तरी अक्कल नाय आली." भरून झाल्यावर रीतीप्रमाणे मी वाकून नमस्कार केला. बांगड्या भरणारीला तो करतातच, पण आज लाजली मेली. म्हणाली, "उद्या सभेत हात वर केलास की वाजल्या पायजेत. कळू दे सगळ्यांना, पेठेची बाई बसलीय."

९ जानेवारी, शुक्रवार

झाली बाई सभा. खुर्चीला पांढरा टॉवेल, समोर माझ्या नावाची पाटी, पाण्याची छोटी बाटली. बाटली घरी आणलीय.

कामकाज कसं चालतं ते बघून मी थक्क झाले. गजाभाऊ म्हणून सभेचे लिपिक आहेत, ते उभे राहतात आणि म्हणतात, "विषय क्रमांक एक, वाचला असे समजण्यात यावे." मग एक जण सूचक होतो, म्हणजे विषय मांडतो. दुसरा अनुमोदक होतो, म्हणजे त्याला दुजोरा देतो. की झाला ठराव! मी शेजारच्या नम्रताताईंना हळूच विचारलं, "पण वाचला कुणी?" त्या म्हणाल्या, "असंच असतं हो."

सातवा विषय बाजारपेठ सुधारणा आराखड्याचा. फाइल ही एवढी जाड. साईराजदादा आमचे नगराध्यक्ष, वयानं माझ्या रूपेशएवढे. ते माईकवर म्हणाले, "पेठेचा विषय आहे, तर अनुमोदनाचा मान पेठेतल्या ज्येष्ठ सदस्या चंद्राबाईंना देऊया." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. देवळाच्या कामाला पहिला नारळ फोडायला पुढे बोलावतात ना, तसं वाटलं. आमच्यात मान दिलेला नाकारला तर माणसं वर्षानुवर्षं बोलून दाखवतात. मी हात वर केला. बांगड्या अशा खणखणल्या की मागच्या पत्रकारांनी सुद्धा मान वर केली. टाळ्या पडल्या.

घरी येऊन सगळं सांगितलं. मालकांनी विचारलं, "सातव्या विषयात काय व्हतं?"

"पेठेची सुधारणा."

"म्हंजे काय?"

"म्हंजे सुधारणा! तुमाला मेलं सगळं आजच पायजे. वाचलं म्हणून समजायचं असतं तिथं."

मालक उठले. गिरणीत जाऊन चक्कीच्या दगडाला टाकी लावायला बसले. कौतुकाचा एक शब्द नाही. दगडाशी लग्न लावायला हवं होतं यांचं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. आमच्या बाजूची सगळी दुकानदार मंडळी तिळगूळ द्यायला गिरणीवर आली. हार्डवेअरवाले शेठ तर हात जोडून म्हणाले, "वहिनी, पहिल्याच सभेत काम केलंत. तुमी हायत म्हणून आमी निर्धास्त." एवढे गोड हे कधीच बोलत नाहीत. मान मिळाल्याचं गावात पसरलंय वाटतं.

जुबेदाच्या दुकानात आज मुंगी शिरायला जागा नव्हती. मी लांबूनच हात केला. तिनं बघितलं, पण हात बांगड्यांत होते.

२४ जानेवारी, शनिवार

आज अक्षराकडे बघायचं नाही.

सकाळी दोन पोरं टेप घेऊन पेठेत आली आणि समोरच्या बाजूच्या दुकानांवर लाल रंगानं आकडे घालत चालली. जुबेदाच्या दाराच्या खांबावर लिहिलं, नऊ. मी रस्ता ओलांडून विचारलं, "नऊ काय रं?" म्हणाला, "नऊ फूट आत, मावशी. रस्ता रुंद व्हणार हाय ना." जुबेदाचं दुकान सगळं मिळून अकरा फूट खोल आहे. राहिले दोन. दोन फुटांत बांगड्यांची पेटी राहील, जुबेदा कुठे राहणार? मी विचारलं, "आन् आमच्या बाजूला किती?" म्हणाला, "त्या बाजूला काय नाय. सगळं हिकडूनच."

तशीच नगरपंचायतीत गेले. भिंतीवर नकाशा लावलाय. गजाभाऊंनी इतिवृत्ताची वही काढली. सभेत जे झालं ते लिहितात त्याला इतिवृत्त म्हणतात. त्यात लिहिलंय: विषय क्रमांक सात, पेठ रस्ता पूर्व बाजूने नऊ फूट रुंद करणे. अनुमोदक, सौ. चंद्राबाई हिरामण ठोंबरे. सर्वानुमते मंजूर.

शेठ हात का जोडत होता ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. सगळ्या गावाला वाटतंय की मी माझी गिरणी वाचवायला समोरची बाजू पाडायला लावली. आणि मी पंधरा दिवस तिळगूळ खात मिरवतेय. आग लागो माझ्या मानाला.

२५ जानेवारी, रविवार

जुबेदाला सांगायचं ठरवून गेले. तांदळाचं पीठ घेऊन गेले निमित्ताला. तोंड उघडलं की पिठाचंच निघायचं. ती लाल आकड्याबद्दल एक चकार शब्द बोलली नाही. उलट चहा केला. मग कपाटातून तिच्या मुलानं, आदिलनं आणलेला चष्मा काढला आणि माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "आदिलनं माझ्यासाठी दोन आणले. एक तुला ऱ्हाऊ दे. वाचायला बरा हाय."

बिचारीला अजून काही माहीत नाही. आकडा कसला, कुणामुळे, काहीच नाही. आणि मला चष्मे वाटतेय.

३१ जानेवारी, शनिवार

आठवडाभर रोज जातेय, रोज तशीच परत येतेय. जुबेदा हल्ली माझ्याशी फार नीट वागते. गेले की पाट नाही, खुर्ची देते. "चा घेणार का?" विचारते. पूर्वी कधी विचारलंय? कप हातात आदळायची आणि वर म्हणायची, "पी, नि तोंड बंद ठेव." काल तर मी तिची बांगड्यांची जुडी खाली पाडली. चार बांगड्या वाढवल्या, फुटल्या म्हणायचं नसतं. मी डोळे मिटून घेतले शिव्या ऐकायला. ती म्हणाली, "असू दे. व्हतं असं."

मी नगरसेविका झाले म्हणून मान देते असं वाटतं. तिला कळलेलं नाही, एवढं तरी बरं आहे. कळलं असतं तर माझ्या झिंज्या उपटल्या असत्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

साईराजदादांकडे गेले. म्हटलं, माझं नाव काढा त्या ठरावातून. हसले. "काकी, मंजूर झालेल्या ठरावातून नाव निघत नसतं. आणि का काढायचं? तुमची गिरणी वाचली ना?"

मी म्हटलं, "मी कुठं बोलले व्हते वाचवा म्हणून?"

"सगळं बोलावं लागत नाही, काकी."

मी तिथंच आवाज चढवला. बाहेर माणसं गोळा झाली तेव्हा मुख्याधिकारी सुरभी मॅडमनी मला आपल्या केबिनमध्ये नेलं. पोरगी सालस आहे. तिनं नीट समजावलं. म्हणाली, आराखडा अजून कच्चा आहे. पेठेतल्या ज्यांना तो मान्य नाही त्यांनी तेवीस फेब्रुवारीच्या आत लेखी हरकत द्यायची. मग सुनावणी होते, त्याचा अहवाल पुन्हा सभेपुढे येतो, तेव्हा बदल होऊ शकतो. "पण कागद हवा, काकू. तोंडी चालत नाही. ज्यांची हरकत नाही, त्यांना आराखडा मान्य आहे असं धरलं जातं. आणि तुमची स्वतःची मिळकत त्याच रस्त्यावर आहे, तेव्हा या विषयावर तुम्ही मत देणं बरोबर नव्हतं. पुढच्या वेळी नका देऊ."

हे आधी सांगायला काय झालं होतं?

७ फेब्रुवारी, शनिवार

जुबेदाला सांगून टाकलं. माझं नाव सोडून बाकी सगळं. म्हटलं, "हरकत दे. तेवीस तारखेच्या आत. लेखी." ती बांगड्यांना दोरा बांधत होती. वर न बघता म्हणाली, "देऊ की."

"आदिलला लिहायला सांग."

"सांगते."

"इसरू नको."

"नाय इसरत."

आज पंधरा दिवसांनी पोटभर जेवले. हरकत गेली की सुनावणीत मी तिच्या बाजूनं उभी राहीन. मग माझं नाव कुठे होतं, हे तिला कधी कळायचंसुद्धा नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जुबेदाचे रोजे सुरू झाले. दुपारी तोंड सुकलेलं असतं तिचं.

आमच्या मालकांचं काय बिनसलंय कळत नाही. भर दुपारी गिरणीचं शटर अर्धं ओढतात आणि आत टेप घेऊन मापं घेतात. विचारलं तर म्हणे, "उंदीर कुठून येतो बघतोय." उंदीर बघायला टेप? रूपेशला फोन करून काहीतरी छापून आणायला सांगितलं. मी आले की फोन ठेवतात. मी इथं आतल्या आत जळतेय आणि यांना नव्या चक्कीची स्वप्नं पडतायत. मीही बोलत नाही मग. मुक्या माणसाशी अबोला धरला तर त्याला पत्ता तरी लागतो का!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल मुदत संपली. आज गजाभाऊंनी हरकतींची यादी दाखवली. एकूण एक्केचाळीस. मी चष्मा लावून फक्त जुबेदाचं नाव शोधलं. वरून खाली, खालून वर. नाही.

तशीच पळत दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं.

"हरकत का नाय दिलीस?"

"ऱ्हायलं."

"ऱ्हायलं? दुकान जातंय तुझं! दळण हाय का ते, ऱ्हायलं म्हणायला?"

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, "आदिलनं लिवला व्हता कागद. चांगला दोन पानी. त्यात लिवायचं व्हतं, अमुक ठराव चुकीचा हाय, रद्द करा. ठरावावर तुझं नाव. पेठेसमोर तुझ्या नावाच्या कागदावर मी हरकत घेऊ? लोक काय म्हटले असते, चंद्रानं जुबेदाला फसवलं. आत्ता नुस्तं कुजबुजतायत, मग ओरडले असते. म्हटलं, नको. फाडला."

मी खुर्ची सरकवून जमिनीवरच बसले. "तुला म्हायती व्हतं?"

"धा जानेवारीपासून. बोर्डावर लावलाय ठराव, आदिलनं वाचला."

म्हणजे चष्मा दिला तेव्हा माहीत होतं. खुर्ची दिली तेव्हा माहीत होतं. मी रोज तोंड लपवून यायचे आणि ती रोज मला खुर्ची द्यायची.

मला रडू आवरेना. म्हटलं, "मी वाचलंच नव्हतं गं. दिला मान नि केला हात वर. गिरणीचं माझ्या मनात सुदिक नव्हतं."

"ते पण म्हायती हाय. तू वाचलं असतंस तर तिथंच बोंब मारली असतीस."

"मग माझ्याशी भांडली का नाय? दोन कानफटात मारायच्या व्हत्यास!"

तिनं खाली ठेवलेली जुडी उचलून पेटीत घातली. मग म्हणाली, "पोरी येतात बांगड्या भरायला, मी त्यांना सांगते, आमची चंद्रा बसते तिथं खुर्चीवर. पयल्यांदाच बसलीयस गं तू कुठं तरी. मी कशी ओढू खाली?"

तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी लहान पोरीसारखी रडले. ती केसांवरून हात फिरवत राहिली. उपाशी, तहानलेली. आदिलनं शिळफाट्याला एक गाळा बघितलाय म्हणे, पावसाच्या आधी तिकडे जातील. तिनं हे सगळं इतक्या मऊ आवाजात सांगितलं की शिव्या परवडल्या असत्या.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

तिनं माफ केलंय, ते दिसतंय. पण माझ्याशी पूर्वीसारखी वागत नाही. अजून खुर्चीच देते. पाहुण्याला जपतात तसं जपते मला. शिळफाट्याला गेली तर अशीच जाईल, गोड बोलून. मग मी समोर कुणाचं तोंड बघू?

मला एकच वाट दिसते. रस्ता दोन्ही बाजूंनी सारखा घ्या म्हणायचं. साडेचार फूट तिकडून, साडेचार इकडून. म्हणजे तिचं साडेसहा फुटांचं दुकान तरी राहतं. पण मग आमचा तीन फुटी ओटा जातो आणि वर दीड फूट गिरणी आत कापली जाते. तिथंच चक्की आहे. सासऱ्यांनी बसवलेली जागा. मालकांना हे कुठल्या तोंडानं सांगू? अठ्ठावीस वर्षं ते चक्की पुसतात, तेवढं त्यांनी मला कधी विचारलं नसेल.

८ मार्च, रविवार

आज सांगायचंच म्हणून त्यांच्या आवडीचं वालाचं बिरडं केलं. जेवायला बसले. मी म्हटलं, "ऐकता का." म्हणाले, "हं." मी म्हटलं, "मीठ बरोबर हाय का?" म्हणाले, "हाय."

झालं. महिला दिनाला नगरपंचायतीत माझा सत्कार केला, शाल दिली. आणि घरात मला एक वाक्य बोलता येत नाही.

१२ मार्च, गुरुवार

आजचं सगळं लिहायचंय, एक अक्षर सोडायचं नाही.

सुनावणी होती. सभागृहात समोर समिती, मध्ये साईराजदादा, बाजूला सुरभी मॅडम. मी समितीत नाही, मागच्या खुर्चीवर बसले. गजाभाऊ एकेक हरकत पुकारत होते. कुणाचा ओटा, कुणाचं गटार, कुणाचं आंब्याचं झाड. सगळे आपलं आपलं वाचवायला आलेले. जुबेदा नव्हती. तिला कोण पुकारणार?

दुपारी एकच्या सुमारास गजाभाऊंनी पुकारलं, "हरकत क्रमांक अडतीस. श्री. हिरामण गोविंद ठोंबरे."

मला वाटलं दुसरं कुणी असेल. तर दारातून आमचे मालक आत आले. लग्नातला पांढरा सदरा, केसांना पीठ तसंच. हातात पिशवी. मला बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं.

त्या दिवशी एक्केचाळीस नावांची यादी माझ्या हातात होती आणि मी ती पुरती वाचली नव्हती. मी काही सुधारणार नाही.

मालक उभे राहिले. सतरा वेळा घसा खाकरला. मग म्हणाले, "गिरणी माझी हाय. रस्ता रुंद व्हायला पायजे, ते खरं. टेंपो अडकतात. पण रस्ता मधी हाय, तर मधूनच मोजा. दोन्हीकडं साडेचार. माझा ओटा जातो नि चक्की मागं घ्याया लागते. मी मोजलंय. चक्की मागं बसते, मोटर भिंतीला लावली की." पिशवीतून त्यांनी वहीचं पान काढलं. पेन्सिलनं गिरणीचा नकाशा काढलेला, मापं घालून.

सुरभी मॅडमनी विचारलं, "काका, आत्ताच्या आराखड्यात तुमची मिळकत पूर्ण वाचते. हे माहीत आहे ना?"

"म्हणून तर अर्ज दिला."

साईराजदादा हसून म्हणाले, "काकी ठरावाला अनुमोदन देतात, तुम्ही हरकत घेता. घरात काय चाललंय काय, काका?"

सगळे हसले. मालक हसले नाहीत. म्हणाले, "घरात ती बोलते. हितं मी बोलतो."

मग हसणं थांबलं. मी पदर तोंडात धरला होता. या माणसाला मी दगड म्हणते.

घरी आल्यावर विचारलं, "मला का नाय सांगितलं?"

"तू पण कुठं सांगत व्हतीस? रोज तोंड उघडायचीस नि मिठाचं विचारायचीस."

"पण सासऱ्यांनी बसवलेली चक्की..."

"बाबांनी चक्की बसवली तवा समोर जुबेदाचा सासरा टोपलीत बांगड्या घेऊन बसायचा. सकाळी शटर उघडलं की ते दुकान दिसतं. आता काय भिंत बघू?" आणि झोपायला गेले. आजचा कोटा चार दिवसांचा झाला त्यांचा.

१३ मार्च, शुक्रवार

आदिल गिरणीवर आला. मान खाली घालून म्हणाला, "काका, अम्मीनं सांगितलंय, अर्ज मागं घ्या. आमी शिळफाट्याला जातोय. तुमची गिरणी कापायची नाय."

मालक म्हणाले, "गिरणी माझी हाय." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं दळण घातलं.

२१ मार्च, शनिवार

ईद. जुबेदाकडून शिरखुर्म्याचा डबा आला, आदिलच्या हातून. दर वर्षी ती स्वतः येते आणि मी पुरता संपवेपर्यंत डोक्यावर उभी राहते. यंदा नाही आली. मी एकटीनं खाल्ला. गोड होता.

७ एप्रिल, मंगळवार

सभा झाली.

विषयपत्रिका आठ दिवस आधी आली होती. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, तिसऱ्यांदा वाचताना रूपेश म्हणाला, पाठ करतेस का? केली तर केली.

पेठेचा विषय आला तशी मी उभी राहिले. म्हटलं, "सुरभी मॅडम म्हणतात माझी गिरणी हाय म्हणून मी मत द्यायचं नाय. बरोबर हाय. मी बाहेर जाते. पण जायच्या आधी एक सांगायचंय. नऊ जानेवारीला मी ह्या ठरावाला अनुमोदन दिलं. न वाचता दिलं. मान मिळाला म्हणून हात वर केला. माझ्यामुळं समोरच्या अकरा दुकानांवर लाल आकडे पडले आन् माझी गिरणी वाचली. ती माझी चूक हाय. गजाभाऊ, हे इतिवृत्तात लिवा."

गजाभाऊ पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "काकू, हे... असंच लिहू? न वाचता?"

"असंच लिवा. माझं नाव घालून."

साईराजदादा म्हणाले, "काकी, अहो, कायमची नोंद होते ती."

"ठरावाची पण कायमचीच झालीय ना?"

पत्रकार भराभरा लिहीत होते. उद्या छापून येईल, येऊ दे. मी बाहेर आले. बाकड्यावर मालक बसले होते, गिरणी बंद करून आले होते. मी शेजारी बसले. आतून आवाज येत होते, मध्येच नम्रताताईंचा चढलेला आवाज. एवढ्या दिवसांत त्यांना मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. मालकांनी माझा हात धरला. भर नगरपंचायतीत! मी सोडवून घेतला नाही.

पाऊण तासानं गजाभाऊ बाहेर आले. "दुरुस्तीसह मंजूर. मधून दोन्ही बाजूंनी साडेचार. नऊ विरुद्ध सहा, एक तटस्थ."

मालक म्हणाले, "चला, दळणं पडलीयत."

११ एप्रिल, शनिवार

सकाळी टेपवाली पोरं परत आली. जुबेदाच्या खांबावरचा नऊ खरवडून साडेचार लिहिलं. मग रस्ता ओलांडून आमच्या ओट्यावर चढली आणि भिंतीवर साडेचार लिहिलं. हार्डवेअरवाले शेठ माझ्याकडे बघून थुंकले. थुंकू देत.

रंग वाळायच्या आत समोरून जुबेदा तरातरा निघाली. डोक्यावरची ओढणी घसरलेली, हातात बांगड्यांची जुडी तशीच. टेंपोवाल्यानं हॉर्न मारला, तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्यानं टेंपो थांबवला. ओट्यापाशी येऊन कमरेवर हात ठेवून ओरडली, "कुणाला इचारून गिरणी कापून दिलीस गं? मी मागितली व्हती?"

मी म्हटलं, "कुणाला इचारून कागद फाडलास? मी सांगितलं व्हतं?"

"माझं दुकान, मी फाडीन नायतर जाळीन!"

"माझी गिरणी, मी कापीन नायतर वाटीन!"

"अक्कल नाय तुला! पयल्यापासून नाय! वाचता येत नाय नि चाल्ली नगरसेविका व्हायला!"

"आन् तुला हाय? तीन महिने खुर्च्या देतेस! पाव्हणी हाय का मी तुझी?"

"मग काय डोक्यावर घेऊ? गाळ्याचं सांगून ठेवलं व्हतं आदिलनं, आता त्या माणसाला काय सांगू मी?"

"सांग, येत नाय म्हणून!"

"तेच सांगायला पाठवलाय त्याला सकाळी!" असं ओरडली आणि ओरडता ओरडताच रडायला लागली. मीही लागले. पेठ गोळा झाली होती. वाडीवरून दळायला आलेला पोशा डोक्यावर नाचणीचं बोचकं घेऊन तसाच उभा, दळण द्यायचं विसरला. आम्ही रडत होतो आणि भांडतही होतो, आधीचं-नंतरचं सगळं निघालं. ती माझ्या रूपेशच्या दहावीच्या निकालाला काय बोलली होती इथपर्यंत मी गेले, आणि मी तिच्या वहिनीला काय बोलले होते इथपर्यंत ती गेली. शेवटी तिच्या हातातली जुडी हिसकून मी पाट मांडला आणि म्हटलं, "बस मेली. पाणी पी." ती बसली. पाणी प्यायली. आणि पाण्यालाही नावं ठेवली.

रात्री जेवताना मालकांनी विचारलं, "मिटलं का भांडण?"

म्हटलं, मिटतंय कुठलं! सकाळी लवकर जाणार हाय तिच्याकडे, माझं अजून अर्धं बोलायचं ऱ्हायलंय.